दिवसाला तीनच कामं

श्रीखंडाचे रिकामे डबे घरात कोणी मुद्दाम जमवत नाही. पण टाकवतही नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. आमच्या ऑफिसचे किस्से तसेच साठलेत.

ऑफिस म्हणजे ठाण्यात वर्तकनगरमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. शलाकाताई, जिच्या डोक्यातून हे ॲप निघालं. ओंकार, जो कोड लिहितो. आणि मी, स्क्रीन काढणारा, शिवाय मोरीतलं पाण्याचं पिंप भरणारा. ॲप कामांच्या यादीचं, पण शांत. ज्यांचं मन थकलंय त्यांच्यासाठी. दिवसाला तीनच कामं, चौथं लिहिताच येत नाही. एखादं काम नाही झालं तर त्यावर बोट ठेवायचं, 'राहू दे' असं येतं आणि काम निघून जातं. झालं तर टिक.

माझी शाळा नववीत सुटली. आधी मी कल्याणला फ्लेक्सच्या दुकानात बॅनर बनवायचो. ताईने मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेलं. तिच्या ओळखीच्या एक काउन्सेलर मॅडम आहेत. त्यांनी ॲप पेशंटना द्यायला होकार दिला तर मी कायम, नाहीतर परत फ्लेक्स.

दोन दिवस खपून मी पहिला स्क्रीन काढला. पिवळी बॅकग्राउंड, लाल अक्षरं, अक्षरांना पांढरी कड, चारही कोपऱ्यांत फुलं. ताई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "निलेश, माणसाला बरं वाटायला हवंय. नगरसेवकाचा वाढदिवस नाहीये."

*

मग मी पार दुसऱ्या टोकाला गेलो. फिकट जांभळ्यावर फिकट राखाडी.

जागेचे मालक बाळारामदादा तेव्हा चहाला आलेले. दादा इथलेच, वडिलांची भातशेती होती, आता तिथे ह्यांच्या तीन बिल्डिंगी. त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, खाली गेले आणि चार्जर घेऊन वर आले.

"लाव रं पोरा. मरायला टेकलाय."

*

लोकांना ॲप वापरायला देऊन बघायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, ताई, मला बोलता येत नाही.

"म्हणूनच तू. तू गप्प बसशील, मग समोरचा बोलेल."

मी डोंबिवलीला मामाकडे गेलो. मामा मानपाड्याला राहतो, कंपनीत फिटर आहे. ओंकारने ॲपमध्ये संध्याकाळी सहाला एक ओळ यायची सोय केलेली. सहा वाजले, ओळ आली. 'एक दीर्घ श्वास घ्या.'

मामाने वाचलं. खिडकीकडे बघितलं. संध्याकाळचा केमिकलचा वास नुकताच सुटलेला.

"तू घे," मामा म्हणाला. "आधी तू घेऊन दाखव."

मी घेतला. मामी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

*

तीन कामांची मर्यादा सगळ्यांना आवडली, आमच्या आईला सोडून. आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते.

"तीन? तीन तर माझी चहा उकळेपर्यंत होतात."

पहिल्या दिवशी तिने एकाच कामात कॉमा देऊन अकरा कामं बसवली. ओंकार चिडला. त्याने अक्षरांवर मर्यादा घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची यादी उघडली तर एकच काम. 'सगळं.'

आणि त्यावर टिक केलेली.

"आई, एवढ्यात झालं सगळं?"

"कुठलं रे. टिक करून बघितलं, कसं वाटतं ते."

*

टिक केल्यावर एखादा शांत आवाज यावा असं ताईला वाटत होतं. ओंकारने झऱ्याचा आवाज शोधला. खळखळ, खळखळ. ऐकवायला बिल्डिंगमधल्या पाच काकूंना बोलावलं. ताई म्हणाली, डोळे मिटा आणि फक्त ऐका.

आता आमच्या बिल्डिंगला पाणी येतं दिवसातून एकदा, पाऊण तास, आणि कधी ते पाण्यालाच माहीत. झरा सुरू झाला. दोन सेकंदांत पाचही खुर्च्या रिकाम्या. जिन्यातून आवाज येत होता, "अगं, माझा नळ उघडाच आहे, घरभर होईल."

ताई खुर्च्यांकडे बघत म्हणाली, "ओंकार, झरा काढ."

*

मी घरी आईला विचारलं, कुठला आवाज ऐकला की तुला बरं वाटतं?

तिने लाटणंही थांबवलं नाही. "कडीचा. सगळे घरी आले, जेवले, दाराला कडी घातली. खट. संपला दिवस."

मी आमच्याच दाराची कडी फोनवर रेकॉर्ड केली. सतरा वेळा घातली, सतरा वेळा काढली. शेवटी शेजारच्या काकूंनी बाहेरून विचारलं, "निलेश, तू आत येतोयस की बाहेर जातोयस? एकदाच ठरव."

*

आणि मग मॅडम आल्या. सकाळपासून सहा पेशंट बघून आलेल्या. ताई बोलत होती, ओंकार मान हलवत होता, मी खाली बघत होतो. त्यामुळे सगळ्यांच्या चपला मला नीट दिसत होत्या.

मॅडमनी ॲपमध्ये तीन कामं लिहिली. बँक. आईचा रिपोर्ट. गॅसवाल्याला फोन. चौथं लिहायला गेल्या, जाईना.

"तीनात कोणाचं भागतं?"

ताईने ओंकारकडे बघितलं. ओंकारने पंख्याकडे. माझी नोकरी समोर टेबलावर त्या फोनमध्ये पडलेली, आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"माझ्या आईने 'सगळं' असं लिहिलेलं."

"मग?"

"मग टिक केली. झालं नव्हतं तरी. कसं वाटतं ते बघायला."

मॅडमनी फोन परत जवळ ओढला. मग त्यांनी तिन्ही कामांवर 'राहू दे' केलं, नवीन एक काम लिहिलं आणि टिक केली.

खट.

टेबलाखाली मॅडमचा एक पाय चपलेतून बाहेर आला. थोड्या वेळाने दुसरा. मी वर बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले.

"सोमवारी क्लिनिकला घेऊन ये," त्या तशाच म्हणाल्या. "तूच ये."

ताईने टेबलाखालून ओंकारला एवढी जोरात लाथ मारली की तो कळवळला, पण आवाज न करता.

तेवढ्यात जिन्यातून बाळारामदादांची हाक वर आली, "पाणी आलं रं, पाणी..."

मी उठेपर्यंत मॅडम अनवाणी मोरीच्या दारात पोचलेल्या.

"पिंप कुठंय तुमचं?"