टेपवरची शांता

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं न्हाई. आज तुम्हाला सांगायलोय — कामून, ते इचारू नका. मलाच ठाऊक न्हाई.

मी तवा बसवकल्याणला मास्तर होतो. शहरातल्या एका म्युझियमात एक चित्रकार बाई आवाजांची खोली करायल्या होत्या. खोलीत नुसतं एक दळायचं दगडी जातं, रिकामं, आणि भिंतींत दडवलेले स्पीकर. मधोमध उभं ऱ्हायलं की डावीकडून एक बाई ओवी उचलणार, उजवीकडून दुसरी ती पुरी करणार. बाईंनी माझ्या हातात टेपरेकॉर्डर दिला. म्हणाल्या, तुमच्या भागातल्या ओव्या आणा.

आमच्या आईनं गायला साफ नकार दिला. मग मी जवळच्या मंठाळ गावाला गेलो. तिथं बौद्धवाड्यात सोजराअक्का ऱ्हायची, ती आणि तिची लेक शांता. पोर सोळा-सतराची असंल. दोघींनी जात्याच्या एकाच खुंट्याला हात लावला. अक्कानं ओवी उचलली, शांतानं पुरी केली. मधीच पोरीला हसू फुटलं, ते बी टेपवर आलं. काय गळा होता हो दोघींचा!

आता — आता खरं ते. गाणाऱ्यांची नावं कागदावर लिहून द्यायची होती. मी माझ्या आईचं लिहिलं. आणि बहिणीचं. कामून? उद्घाटनाला नावं पुकारणार होते, म्हणून? व्हय, ते हायच. पण दुसरं बी होतं. मास्तर त्या वस्तीत जाऊन बसायलाय, असं आमची भावकी म्हणाली असती. त्याची मला लाज वाटली. वर्गात समतेचा धडा शिकवायचो मी! थू माझ्या जिंदगानीवर.

उद्घाटनाला आईला शाल मिळाली. तिनं त्या खोलीत आवाज ऐकला, आणि माझ्याकडं बघितलं.

पुढच्या वर्षी शांता काविळीनं गेली. सोजराअक्का बसनं आली, शाळेच्या फाटकापाशी उभी ऱ्हायली.

"मास्तर, तुमच्या पेटीत माझी शांता हाय न्हवं? एकडाव ऐकवा की. तिचा एक फोटू बी न्हाई माझ्याकडं."

काय अवघड होतं? बसमधी बसवून न्यायची, त्या खोलीत उभी करायची, एवढंच. पण भिंतीवर आमच्या आईचं आणि बहिणीचं नाव होतं. अक्काला वाचता येत न्हवतं — हे बी माझ्या मनात येऊन गेलं, बरं का! पण कुणीतरी वाचून दावलंच असतं.

मी म्हणालो, "अक्का, टेप खराब झाली."

ती तिथंच धुळीत बसली. मग उलट मलाच समजवायला लागली. "जाऊ द्या मास्तर. यंत्र हाय, बिघडायचंच. तुम्ही कामून जिवाला लावून घ्यायलाव?" पदराची गाठ सोडून तिनं मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. मी घेतल्या.

त्यानंतर तीन वर्षं जगली ती. त्या तीन वर्षांत मी दरसाल शाळेची सहल घेऊन म्युझियमात गेलो, आणि दरसाल त्या खोलीत उभा ऱ्हायलो. अक्का ओवी उचलायची, शांता पुरी करायची.

टेपला काहीएक झालं न्हवतं.