कापसाच्या खोलीतला अजगर

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दिरानं बोर धरणाकडून मांडीएवढा जाड अजगर पोत्यात घालून आणला. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीत नंबर लागेपर्यंत कापूस घरातल्या एका खोलीत पडून असायचा आणि उंदीर त्यातली सरकी फस्त करायचे. म्हणून अजगर पाळायचा का, यावर ओसरीवर सगळ्या पुरुषांचा खल चालला. मी चहावर चहा देत होते. मला कोणी विचारलंच नाही. शेवटी माझा नवरा म्हणाला, "सोडा त्याले आत. त्या खोलीत तसं राह्यते कोन?"

कोण राहतं! कापसाच्या ढिगाला टेकून आम्हा दोघांचं अंथरूण त्याच खोलीत होतं.

कुडकुडत्या थंडीत मी माझी वळकटी अंगणात आणून आपटली. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, उकडून राह्यलं का तुले?"