आमसुलाने घासलेली पट्टी

आमच्या घराला लागून एक मांगर आहे. लाकूडफाटा, जुनी जाळी आणि पावसाळ्यात सुकत घातलेल्या चादरी, यांच्या शेजारी तिथे ती गाडी होती. तिचं साल सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणाला ताटकळत ठेवायला मला आवडत नाही.

पणजोबा मुंबईला एका साहेबाकडे गाडी हाकायला होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा गाडी त्यांना देऊन गेला आणि पणजोबांनी ती गलबतातून रत्नागिरीच्या बंदरात उतरवली. दोन माणसांची बैठक, लाकडी चाकं, पितळेचे दोन दिवे, आणि स्टिअरिंगच्या जागी नुसता एक दांडा, होडीच्या सुकाणूसारखा. मोटार म्हणजे काय हे लोकांना धड ठाऊक नव्हतं, तेव्हाची गाडी. बसायच्या पाटाखाली तळहाताएवढी पितळी पट्टी होती. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि गाडीचा आकडा कोरलेला.

बाबा मोटार मेकॅनिक. त्यांनी ती चालती ठेवली. दर खंडेनवमीला ती बाहेर निघायची. हँडल मारायला त्यांनी मला शिकवलं, भावाला नाही, तो आळशी. "बाय गो, अंगठा बाहेर ठेव, उलटं फिरलं तर मोडून ठेवील," हे मी किती वेळा ऐकलं असेल! मग फटफट करत वाडीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. शेजारची काकी दर वर्षी तेच विचारायची, "अजून मेली नाय काय ही?"

आदल्या दिवशी पितळ घासायचं काम माझं. समई घासतात तसंच, भिजवलेली आमसुलं आणि चुलीतली राख. दिवे झाले की पट्टी. "तोंड दिसलं पाहिजे तिच्यात," बाबा म्हणायचे. सहा-सात वर्षांची असल्यापासून पन्नाशी उलटेपर्यंत मी एक वर्ष चुकवलं नाही. आमच्याकडे पितळ काळं दिसलं की घरातल्या बाईच्या नावाला बट्टा लागतो.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. जायच्या आधी एवढंच म्हणाले, "चालवणाऱ्याला दे, शोभेला ठेवणाऱ्याला नको." भाऊ मुंबईला असतो, आणि मला हल्ली हँडल फिरत नाही, खांदा धरतो. जुन्या गाड्यांच्या लिलावात काढायचं ठरलं. बाबांचा शब्द राहावा एवढंच माझ्या मनात होतं, बाकी कशात मला रस नव्हता.

लिलाव कंपनीचा माणूस हातखंब्याला वळण चुकला आणि फोनवर फोन करत एकदाचा पोचला. गाडी बघून अगदी हरखला. मग पाटाखाली टॉर्च मारली. पट्टीवर बोट फिरवलं, कागद ठेवून पेन्सिल घासली. काही उमटलं नाही.

"मॅडम, आकडा कुठाय?"

"तिथेच आहे की." मी वाकून पाहिलं. माझं तोंड दिसलं.

इंजिनावरचा आकडा खाऱ्या हवेने खाल्लेला, कागदपत्रं वाळवीने. त्याने मला नीट समजावलं. या पहिल्यावहिल्या गाड्यांची विलायतेत दर साली दौड असते, ठरावीक सालाच्या आधीची असेल तरच घेतात. चालवणारे शौकीन गाडी घेतात ते त्या दौडीसाठी. आणि पुरावा म्हणजे हा आकडा.

"कोणी पुसला हो?"

"मी."

शेवटी सात होता, आधी चार, घासताना बोटाला लागायचे, असं मी त्याला सांगितलं. मधलं काही आठवेना. "आठवणीवर साल लावता येत नाही, मॅडम," तो म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. त्याला कोकम सरबत दिलं आणि तो गेल्यावर पेला विसळून ठेवला.

लिलाव मुंबईत, एका हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये. आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव म्हणजे कानठळ्या बसतात, इथे लोक नुसती पाटी वर करत होते. पुकारण्याआधी गाड्या बघायला ठेवल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ आमच्या गाडीपाशी थांबले. त्यांनी हँडल धरलं, अंगठा बाहेर ठेवून. हाच तो माणूस, म्हटलं.

"तुम्ही चालवता?" मी विचारलं.

"त्यासाठीच तर घेतो." मग त्यांनी वाकून पट्टी पाहिली. बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून होते. "फार सुंदर राखलीय हो," म्हणाले आणि पुढे गेले.

आमच्या आधी एक गंजकी गाडी पुकारली. तिच्यात कोंबड्या बसायच्या म्हणे. दिवे काळेठिक्कर, पण आकडा शाबूत. म्हाताऱ्यांनी ती घेतली, टाळ्या पडल्या. मग आमची आली, "साल अज्ञात". मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांची पाटी मांडीवरच राहिली. मागून कोणीतरी एक पाटी वर केली आणि हातोडा पडला. गुहागरचा रिसॉर्टवाला होता, त्याला दारात ठेवायला हवी होती.

"सुटलो गं ताई," भाऊ म्हणाला.

"हो," मी म्हटलं. तेव्हाही काही वाटलं नाही. परतीच्या गाडीत मी भुकेने दोन वडापाव खाल्ले.

परवा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी सवयीने आमसुलं भिजत घातली. काय घासणार होते, देव जाणे. तेवढ्यात रिसॉर्टमधून फोन आला. "ताई, खारं वारं लागून पितळ काळं पडलंय. पाहुणे फोटो काढतात हो. तुम्ही काय लावायचात?"

"आमसूल आणि राख," मी सांगितलं. मग न राहवून विचारलं, "चालू करता का कधी?"

"छे हो! चाकं सिमेंटात पक्की केलीत. हँडल काढून ठेवलंय, पाहुण्यांची पोरं फिरवतील म्हणून."

"बरं."

"आणि ती पाटाखालची पट्टी? तिलाही आमसूलच?"

वाडग्यातलं पाणी लाल झालं होतं. मी बोट बुडवून पाहिलं, आमसुलं मऊ पडली होती.

"हो," मी म्हटलं. "घासा बिनधास्त. तोंड दिसलं पाहिजे तिच्यात."