मोटेच्या नाड्याला मोटारीचं इंजिन

मिरजगावच्या सहादेवला काळजी करायला कारण लागत नसे, आणि कारण सापडलंच तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. गोठ्याची कडी लावून घरात आला की पाय धुवायच्या आत पुन्हा कडी बघायला जायचा. पाहुण्याला एसटीत बसवून दिलं तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभा, आणि घरी येऊन बायकोला सांगणार, "डायवर लई तरणा हुता गं." रतनबाई बिचारी कपाळाला हात लावायची. गावातले लोक म्हणत, सहादेवमुळं एक सोय झाली, सगळ्या गावाचा घोर एकट्यानं वाहिला.

अशा माणसाची धाकटी बहीण मुक्ताबाई पडली कुणाच्या गळ्यात, तर दिवसभर मोटारीच्या पोटात डोकं घालून बसणाऱ्या गोरक्षनाथच्या. आईबाप लवकर गेल्यामुळं मुक्ताला सहादेवनंच वाढवलेली, तिच्या केसांतल्या उवासुद्धा त्यानं काढलेल्या. भावकी म्हणाली, रान असलेला मुलगा बघ, लोखंडाचा काय भरवसा. पण पोरीच्या मनात कोण आहे ते त्यानं ओळखलं आणि होकार देऊन टाकला. तेव्हापासून त्याच्या काळजीला कायमचं ठिकाण मिळालं.

गोरक्षनाथ नगरच्या एका गॅरेजात शिकून आलेला. सोलापूर रस्त्याला दोन लिंबांच्या सावलीत त्यानं पत्र्याचं शेड टाकलं होतं. हाताला गुण होता, तोंडात हसू होतं, आणि अंगात घाई होती. पहिल्या दोन गोष्टी सगळ्या गावाला दिसायच्या, तिसरी फक्त सहादेवला.

बहात्तरचा दुष्काळ आला. दिवाळीनंतर सहादेवच्या विहिरीनं तळ दाखवला आणि मोट बंद पडली. मथुऱ्या आणि खैऱ्या ही त्याची बैलजोडी म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली मोटेची जोडी. धावेच्या उतारावरून पुढं जात भरलेली मोट वर ओढायची, मोटेचं पाणी थारोळ्यात धबाबा सांडलं की तो आवाज ऐकून आपणहून पाठीमागं चालत यायचं, मोट पुन्हा आत सोडायची. हाकणाराला तोंड उघडावं लागत नसे. जन्म त्यात गेलेला. आता दोघं कडबा नसलेल्या दावणीला तोंड घालून उभे असायचे, आणि मोटेचा जाडजूड नाडा खुंटीला वाळत पडला होता.

ही कल्पना गोरक्षच्याच डोक्यातून निघाली. जड इंजिन उचलायला तो नगरहून साखळीची कप्पी मागून आणायचा. त्या साखळीचा गुण असा की हात सोडला तरी वजन असेल तिथंच लटकत राहतं. पण आता नगरची कप्पी महिना-महिना मोकळी मिळेना. मग त्यानं लिंबाच्या जाड फांदीला मोटेचं चाक बांधलं, त्यावरून नाडा घेतला आणि म्हणाला, "पाव्हणं, इंजिन म्हंजी भरलेली मोटच की! तुमची बैलं बसूनच हायती." विहिरीवरची दोन पाणी ओढायची इंजिनं त्यांनी तशी उचललीही. गावानं वाहवा केली. सहादेवनं मात्र त्या दिवसापासून नाड्याचा पीळ न् पीळ रोज चाचपायला सुरुवात केली.

माघ महिन्यात डॉक्टर दत्तोपंतांची अँबॅसिडर आली. दुष्काळी कामावरच्या माणसांना हगवण लागली होती, खडी फोडणाऱ्या बायाबापड्या तिथंच आडव्या होत होत्या, आणि डॉक्टरांची गाडी धूर ओकत बंद पडली. इंजिन बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टर औषधांची पेटी घेऊन एसटीनं पुढं गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गोरक्षनाथ, जमेल तितक्या लवकर करा. माणसं वाट बघताहेत." झालं, घाई आधीच अंगात होती, तिला आता पुण्याईचंही बळ मिळालं.

तरी काम मात्र गोरक्षनं शिस्तीत काढलं, हे सहादेवनंही कबूल केलं असतं. आधी बॅटरीच्या तारा सोडल्या. बॉनेट उतरवून शेडाला टेकवलं. रेडिएटरमधलं पाणी डब्यात धरून ठेवलं, दुष्काळात तेही टाकवेना. नळ्या, तारा, सायलेन्सरचा पाइप एकेक करून सोडला, आणि निघालेला प्रत्येक नट ज्याच्या त्याच्या बोल्टवर परत फिरवून ठेवला, म्हणजे मागाहून शोधाशोध नको. इंजिनाला मागं-पुढं अशा दोन ठिकाणी साखळी बांधली, की वजन एका अंगाला कलू नये. सहादेव प्रत्येक गाठ ओढून बघत होता, फांदीवर थाप मारून आवाज ऐकत होता, चाकाच्या कण्याला वंगण लावत होता.

"पाव्हणं, फांदीला इचारा, रात्री झोप लागली का," गोरक्ष हसून म्हणाला.

"हसा दाजी. वजन काय कुनाचं सोयरं नसतं."

ठरलं होतं ते असं. बैलांनी इंजिन वर ओढायचं. वर आलं की शेजारच्या हॉटेलातल्या आसारामनं येऊन बैल धरायचे, तोवर सहादेवनं नाड्याचे वेढे दुसऱ्या लिंबाच्या बुंध्याला टाकायचे. मग बैलांवर काही अवलंबून राहणार नाही. त्यानंतर गाडी मागं ढकलायची आणि इंजिन खाली जुन्या टायरांवर उतरवायचं. लटकत्या वजनाखाली कुणी जायचं नाही, हा नियम गोरक्षनंच सांगितलेला. नगरच्या उस्तादानं थोबाडीत देऊन शिकवलाय म्हणाला.

सहादेवनं बैलांना चुचकारलं. मथुऱ्या-खैऱ्या मान खाली घालून चालू लागले. नाडा ताणला, फांदी करकरली. काळंकुट्ट इंजिन हळूहळू गाडीतून वर निघालं. हातभर वर आलं आणि अडलं. मागच्या बाजूला कुठंतरी काहीतरी धरून ठेवत होतं.

"केबल ऱ्हायली एक," गोरक्ष वाकून बघत म्हणाला. "मीटरची. थांबा, काढतो."

"आसारामला येऊ द्या. आधी येढं घालू."

पण त्याच वेळी नगरची एसटी हॉटेलापुढं थांबली होती. आसारामची भज्यांची कढई आणि तिच्याभोवती पन्नास भुकेली तोंडं. त्यानं लांबूनच हात हलवला, आलोच म्हणून.

"तवर काय बैलं हिथंच म्हातारी करायची?" गोरक्ष म्हणाला. "एक पाना फिरवायचा हाय, पाव्हणं. तकडं डाक्टर खोळंबल्यात."

"दाजी, खाली जाऊ नगा!"

पण गोरक्ष गेला. डोकं, खांदा आणि उजवा हात गाडीच्या आत, थेट लटकत्या इंजिनाखाली. बाहेर राहिली ती पाठ आणि पाय. सहादेवनं बैल सोडून धावावं तर नाडा ढिला, न धावावं तर माणूस खाली. दोन्ही हातांनी मथुऱ्याचं शिंग धरून तो उभा राहिला आणि मनात एकेक गोष्ट पुन्हा तपासू लागला. नाडा धड आहे. गाठ धड आहे. फांदी धड आहे. कणा धड आहे. बैल उभे आहेत. सगळं धड होतं, आणि तरीही त्यानं पुन्हा नाड्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात मुक्ता आली. डोक्यावर टँकरच्या रांगेतून मिळवलेली घागर. त्या घागरीसाठी ती पहाटेपासून ताटकळली होती. शेडाच्या कोपऱ्यावरून तिला दिसले ते फक्त भाऊ आणि बैल. नवरा कुठं आहे हे तिनं पाहिलंच नाही. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या, तोंडाला फेस आला होता. तिचा जीव कळवळला. लिंबाखाली जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती, तिच्यात तिनं घागर उपडी केली.

धबाबा पाणी पडलं.

मोट बंद पडल्यापासून त्या बैलांनी तो आवाज ऐकला नव्हता. चारही कान एकदम उभे राहिले. सहादेवला आधी कान दिसले आणि मग कळलं. गावभराच्या काळज्या वाहिलेल्या या माणसाला ही एक काळजी सुचली नव्हती. मोट भरून वर आली, पाणी सांडलं, आता मागं जायचं, एवढंच त्या जनावरांना ठाऊक. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

बैलांनी मागं पाऊल टाकलं. चाक उलटं फिरलं. गाडीतून गोरक्षचा "ओ!" असा दबका आवाज आला.

शिंग धरून ओढणं, ओरडणं, काही उपयोगाचं नव्हतं. दोन बैलांना एक माणूस थोपवत नाही. सहादेवनं विचार केलाच नाही. त्यानं शिंग सोडलं, मागं वळला आणि नाड्यावर अंग टाकलं. मोट हाकताना उताराला लागलं की तो असाच नाड्यावर बसायचा, सगळा भार देऊन. बुडाखाली नाडा आल्याबरोबर तोंडातून जुनी आरोळी आपोआप निघाली, "चल माझ्या मथुऱ्याऽऽ, चल खैऱ्याऽऽ!"

बैल क्षणभर घोटाळले. पाणी म्हणत होतं मागं ये, धनी म्हणत होता पुढं चल. सहादेवला वाटलं, आपल्या छातीवरच इंजिन ठेवलंय. मग मथुऱ्यानं मान खाली घातली आणि पुढं पाय टाकला. खैऱ्या त्याच्या मागं. नाडा ताणला, इंजिन वर गेलं, आणि गोरक्ष गाडीतून मागच्या मागं मातीत येऊन बसला.

सदरा खांद्यावर फाटला होता आणि कातडं सोललं होतं. इंजिनाचा एक बोल्ट नुसता टेकून गेला होता. आणखी चार बोटं खाली आलं असतं तर काय, हे दोघांनाही बोलून दाखवावं लागलं नाही. गोरक्षच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

मुक्ता रिकामी घागर घेऊन पुढं आली. "काय झालं वो? दादा, वरडलास कशापायी?"

गोरक्षनं तिच्याकडं बघितलं. मग डोणीकडं बघितलं. "अगं, तुझ्या त्या पान्यानं..."

"खिळा लागला त्यास्नी," सहादेव नाड्यावरूनच मोठ्यानं म्हणाला. "पत्र्याचा. आसारामला हाक मार आधी." आणि मेव्हण्याकडं त्यानं असं बघितलं, की गोरक्षनं तोंड मिटलं.

आसाराम आला, बैल धरले गेले, बुंध्याला वेढे पडले, केबल निघाली, इंजिन टायरांवर उतरलं. सहादेव डोणीच्या कडेला बसून राहिला. बैल पाणी प्याले. त्यांच्या पाठीवरून तो हात फिरवत राहिला.

इंजिन दुरुस्त झालं आणि परत बसवायचं निघालं, तेव्हा मुक्ता भावाच्या घरी निरोप घेऊन आली. अंगणात उभी राहून आनंदानं सांगू लागली, "उद्या बैलं घेऊन ये दादा. म्या आजच घागर राखून ठिवलीय. मुकी जनावरं आपल्यासाठी राबत्यात, त्यास्नी पानी मीच घालनार. दर बारीला घालनार."

सहादेवला बैलांचे ते उभे कान पुन्हा दिसले. खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात काम होतं. पण मग ही पोर उरलेला जन्म काय करील, हे त्याला दिसत होतं. कुठंही पाणी पडल्याचा आवाज आला की दचकेल. नवऱ्याच्या खांद्यावरचा वण बघून रात्र रात्र जागेल. काळजी म्हणजे काय असते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"बैलं यायची न्हाईत आता," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाईत. दाजीस्नी म्हनावं, नगरची कप्पी मिळंल तवा आना. तवर थांबा."

मुक्ताचं तोंड उतरलं. "तकडं डाक्टर पायानं हिंडत्यात. आन माझ्या घरच्याला एवढी मदत करायची तुला जड झाली व्हय रं दादा?"

रतनबाई चुलीपासून बाहेर आली. ती नवऱ्याकडं बघत राहिली.

"व्हय," सहादेव खाली मान घालून म्हणाला. "जड झाली."

मुक्तानं पदर खोचला आणि ती आल्या पावली निघाली. रतनबाई मागून हाका मारत गेली, चहा तरी घेऊन जा म्हणाली, पण तिनं मागं वळून बघितलं नाही. सहादेव दारात उभा होता. मघाशी ती समोर उभी असताना त्यानं तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू डोळे भरून बघून घेतलं होतं. रुसू दे, त्याला वाटलं, जन्मभर रुसू दे.