फ्रेममदी बसत न्हाई

माझी सून सत्यशीला लई हट्टी हाय. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, माघारी न्हाई. आष्टीत बाजारतळाजवळ आमचा फोटोचा स्टुडिओ हाय. माझा ल्योक सुग्रीव काउंटर सांभाळतो, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, अल्बम. अन् गळ्यात कॅमेरा अडकवून लग्नाकार्याला जाती ती सत्यशीला. संगं मी. बायकांच्या हळदीत, ओटीभरणात गडीमाणूस नको, म्हणून तिनं मला हाताशी घेतलं. फ्लॅशची छत्री धरायचं काम माझं. साठी उलटलेल्या बाईनं घरात छत्री धरून उभं राहायचं! पयल्यांदा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसंनात का, मला काय त्यांच्या घरी जेवायला जायचं होतं?

तर हिला दीड वर्सापासून एका भिंगाचं खूळ लागलंय. आमच्याकडची घरं केवढी? दहा बाय दहाची खोली, त्यात नवरी, पाट, हळदीच्या वाट्या अन् तीस बायका. सत्यशीला मागं सरकत सरकत भितीला टेकती, तरी कडंच्या दोन-चार जणी कटतातच. एकदा तिच्या माहेरी, पालीला, मागं सरता सरता पिठाच्या डब्यात बसली. तिथून उठली तशी पांढऱ्या अंगानं मला म्हणली, "आत्या, नव्या मिररलेस कॅमेऱ्याला अल्ट्रा वाईड झूम येणार हाय. बारा ते चोवीस मिलिमीटर. भितीला पाठ लावून उभं राहिलं तरी सारी खोली आत घेतंय."

येणार, येणार! मोबाईलवर कोणतरी गोरा बाबा रोज सांगतो, ह्या महिन्यात येणार. नगरचा दुकानदार म्हणला दसऱ्याला, मंग संक्रांतीला, मंग पाडव्याला. कंपनीनं म्होरं येणाऱ्या भिंगांचा एक कागद काढलता, त्याला म्हणं 'रोडमॅप' म्हणतात. हिनं तो छापून दुकानात देवाच्या फोटोखाली चिकटवला. झालं! शेजारच्या मुंजाजीनं वाचलं अन् गावभर केलं की रस्त्याचा नकाशा स्टुडिओत लागलाय. चार दिस माणसं यायची, "वयनी, आमचं रान जातंय का बगा." सत्यशीला सांगायची, "रान न्हाई जात वं, भिंग येतंय." लोकं म्हणायची, बाई काहीतरी लपवायलीय.

सुग्रीव म्हणला, जुनंच वाईड भिंग रिंग लावून बसवू. तिनं मागून आणलं, लावलं, फोटो काढला अन् मोठा करून बघितला. मधलं माणूस झक्क. कडंचं माणूस चहात बुडवलेल्या पावावानी. मोबाईलचं वाईड केलं तर कडंच्या बाईचा गाल खांद्यापस्तोर फाकला. "न्हाई चालत," म्हणली. सुग्रीव चिडला, "कोपरे कोण बघतंय गं? मधी नवरा-नवरी नीट आले की झालं!" तवा ती जी भडकली!

"मधी कोण असतं? पुढारी, पाव्हणे, ज्याला मान हाय तो. त्येला कसलंबी भिंग चालतंय. कडंला कोण असतं ते कधी बघितलं का? मला कडंचं माणूस नीट पायजे."

ती कोणासाठी बोलत होती हे मला ठावं होतं. लगीन होऊन आली तवा तिनं माझ्या लेकीच्या, वनमालाच्या लग्नाचा अल्बम बघितलता. भावकीच्या फोटोत कडंला नुसतं एक कोपर. "हे कोपर कुणाचं हो, आत्या?" माझंच व्हतं. मालक जाऊन वरीस झालतं, कपाळ मोकळं. फोटोवाला म्हणला, "मावशी, फ्रेममदी बसत न्हाई, जरा सरका." मी सरकले. पोटच्या पोरीच्या लग्नात सरकले, अन् वर म्हणले, खरंच, जागाच न्हवती. सुनेला बी तेच सांगितलं. तिनं अल्बम मिटला. पर तवापासून मी बघते, कोणच्याबी लग्नात फोटोच्या वक्ताला एखादी अशी बाई कडंला सरकती, अन् सत्यशीलाच्या कपाळावर आठी येती.

मंग वैशाखात माझ्या दिराच्या, आप्पांच्या नातीचं लगीन निघालं. स्वप्ना तिचं नाव, लई गुणाची पोर, माझ्या मांडीवर वाढलेली. आप्पा गावातले वजनदार, तीनदा निवडून आलेले. कामाची सुपारी घेऊन स्टुडिओत आले तवा सत्यशीला म्हणली, "आप्पा, तवर भिंग आलं तर देवकाम्होरं सगळी भावकी एका फोटोत घेते. एकबी माणूस सुटणार न्हाई." आप्पा हसले, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं हाय तुझं." खोटं कावून बोलू, त्या दिवसापासून भिंगाची वाट मीबी बघाय लागले. ते आलं तर मला कोणी सरका म्हणणार न्हाई, एवढंच डोक्यात.

लग्नाच्या चार दिस आधी दुकानदाराचा फोन आला, आणखी दोन महिने लागतील. सत्यशीला त्या दिशी जेवली न्हाई. मी तिला म्हणले, "जाऊ दे गं. इतकी वर्सं गेली, ह्यात काय." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच ताट उचलून आत गेले.

हळदीच्या दिशी दुपारी देवकाची खोली गच्च. मधी पाटावर स्वप्ना, बाजूला खुर्चीत आप्पा, मागं सगळी भावकी. मी छत्री धरून भितीला. सत्यशीलानं कॅमेरा डोळ्याला लावला, काढला अन् म्हणली, "आत्या, छत्री ठेवा. तुमी बी जाऊन उभ्या ऱ्हावा."

आप्पा म्हणले, "वहिनी कशाला? बसत न्हाई फ्रेममदी. तूच म्हणतीस ना, तुझं भिंग आलं न्हाई."

सत्यशीला मागं वळली. पाठीमागच्या दाराला अडसर होता, तो काढला, दार सताड उघडलं, अन् उलट्या पावलानं बाहेर. उंबरा वलांडला, न्हाणीघराची फरशी वलांडली, पार परसातल्या लिंबापस्तोर गेली. उन्हाचा उजेड सगळा आत आला. तिथून वरडली, "आता बसतंय, आप्पा! आणखी दहा माणसं बसतील!"

आप्पा खाकरले अन् हळू म्हणले, "तसं न्हवं पोरी. देवक हाय. हळदीची नवरी हाय. रीत असती."

सत्यशीला तरातरा दारात आली. "मंग तसं म्हणा की! इतकी वर्सं भिंगावर कावून ढकलताव? मी येडी, दीड वरीस त्या भिंगाची वाट बघत बसले. उद्या ते आलं असतं तर तुमी दुसरं काढलं असतं." तिनं भिंगावर टोपण लावलं. "आत्या न्हाईत तर फोटो न्हाई."

"शेजारच्या कडा गावातनं दुसरा फोटोवाला बोलवीन," आप्पा म्हणले. मंग माझ्याकडं वळले, "वहिनी, तुमीच सांगा सुनेला. तुमी समजदार हाव."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. खरं सांगते, मनात भेव आलं, पोरीच्या संसारात काय वाईट झालं तर माझ्या नावानं बोटं मोडतील. पर मला दुसरंच आठवाय लागलं. ह्या स्वप्नाला ल्हानपणी ताप चढलता तवा सात रात्री मी मांडीवर घेतलीती, तवा कोणी म्हणलं न्हाई की वहिनी, तुमी अपशकुनी हाव, सरका. समजदार म्हणे! ह्यांच्या मनासारखं सरकत गेले म्हणून समजदार. माझं डोस्कंच फिरलं.

मी छत्री भितीला लावली. पदर खोचला अन् माणसातून वाट काढत निघाले. कडंला जागा व्हती, मला दिसली बी. थांबले न्हाई. थेट मधी गेले. स्वप्नानं हळदीचा हात वर केला अन् माझा हात धरला.

आप्पा म्हणले, "अवं वहिनी, हितं जागा कुठं हाय?"

मी म्हणले, "तुमी सरका की, भावजी."

सरकले.