जावळाआधीचं पातं

देवीवर माझी श्रद्धा आहे, असं मी छाती ठोकून सांगत आलो. त्या दुपारी कळलं, मी देवीला नीट पाहिलंही नव्हतं.

आधीची दोन मुलं आमच्या हाती लागली नाहीत. म्हणून मुलगी झाली तेव्हा मी कुलदेवीला नवस बोललो, हिचं जावळ तुझ्या दारी काढीन, तोवर हिच्या अंगाला पातं लागू देणार नाही. तो मी इतका कडक पाळला की बायको तिची नखंसुद्धा दातांनी कुरतडायची. जावळाला महिना उरला आणि पोरीला घटसर्प झाला. घशात पांढरा पडदा धरला. डॉक्टर आमच्या गिरगावातल्या खोलीत आले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. त्यांनी पेटीतून बारीक सुरी काढली आणि करंगळीहून बारीक, वाकडी चांदीची नळी. "गळ्याला पुढून छेद देऊन ही श्वासनळीत बसवतो. वेळ नाही."

मी म्हणालो, "जावळ झालेलं नाही." कचेरीत कारकुनी करणारा, शिकलासवरलेला मी! आजही लाज वाटते.

दारात एक कोळीण माशांची पाटी उतरवत होती. नेहमीच्या कोळणीऐवजी त्या दिवशी ही आली होती. तिथूनच ती ओरडली, "आरं दादा, देवीआयचे हातान काय नुसती फुलां हान? तिचे हातान पन हत्यार हाय ना!"

देवीची तसबीर रोज पुसणारा मी, पण तिच्या हातातली तलवार मला कधी दिसलीच नव्हती. पातं तर तिच्याच हातात होतं; देवीचा नवस मी देवीपासूनच राखत बसलो होतो. "करा," मी म्हटलं आणि पोरीचे पाय धरले. नळी बसताच फस्सकन हवा आली, ओठांवर हळूहळू रंग चढला. पुढे कित्येक दिवस त्या नळीच्या आत बसणारी दुसरी बारीक नळी काढून, पिसाने साफ करून आम्ही परत बसवत होतो. पोर रडायची, पण श्वास नळीतूनच बाहेर पडायचा, आवाज फुटत नसे. तेवढ्याने आमचा जीव तुटायचा. शेवटी नळी निघाली, जखम भरली.

ती कोळीण अजून येते. बायको तिच्याशी घासाघीस करत नाही, एवढंच.

जावळाच्या दिवशी न्हाव्याने वस्तरा उघडला आणि पोरीने असं भोकाड पसरलं की गाभारा दणाणला. पुजारी म्हणाले, "अहो, गप्प करा तिला."

"रडू दे, गुरुजी," मी म्हणालो, "हा आवाज देवीनेच परत दिलाय." आणि मग मलाही रडू आवरेना.