नोलारीच्या तुंब्याची धुरी

लोइताच्या डोंगरात नोलारीच्या दुधाला एके काळी तोड नव्हती. तिच्या वैरिणीसुद्धा हे कबूल करतील, जरा नाक मुरडून का होईना. वर रानात बारमाही हिरवं असतं ते ओलोइरिएन, रानजैतुनाचं झाड. म्हाताऱ्यांची काठी त्याची, तरण्यांच्या कमरेचा दंडुका त्याचाच. बायका त्याची फांदी पेटवून निखारा दुधाच्या तुंब्यात, वाळल्या पोकळ भोपळ्यात, आतून घासतात, राख झटकतात नि मग दूध ओततात. जिचा तिचा हात वेगळा, म्हणून घरोघरी दुधाचा वासही वेगळा. नवऱ्याचे, मेपुकोरीचे, डोळे गेले तेव्हापासून तर बायको दूध घेऊन आली की तो आधी तुंबा हुंगायचा आणि म्हणायचा, "वा, नोलारी!" तीन पोरं वाढवली, गुरं सांभाळली, पण त्या 'वा'वरच ती जगली म्हणा ना.

मग गुरं वाढली, दूध काढायला हात हवेत, या निमित्तानं रेसियातो घरात आली. निमित्तच ते!

रीतीप्रमाणे नोलारीनं सवतीला मेंढी दिली. मेंढी दिली-घेतली की दोघींनी एकमेकींना 'पाकेर', म्हणजे मेंढीवाली, म्हणायचं. जिच्या नावानं बोटं मोडायची, तिलाच उठता-बसता लाडाची हाक!

"पाकेर, झोप झाली का?" रेसियातो विचारायची.

"न व्हायला काय झालं? माझ्याकडे रात्रभर गप्पा मारायला कोण बसलंय!"

पोरगी हसायची. तिच्या हसण्यानं नोलारीच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

एका सकाळी शेजारच्या, सवतीच्या झोपडीतून नवऱ्याचा आवाज आला, "वा, रेसियातो! दूध आहे की काय आहे!" नोलारी हातातलं काम टाकून उभीच राहिली. तिच्याकडे तो हल्ली मुकाट्यानं प्यायचा, तोंड पुसायचा नि तुंबा परत द्यायचा. एक 'वा' म्हणायला मेल्याची जीभ झिजत होती?

"पोरगी कसलीशी मुळी घालते दुधात," ती शेजारणींना सांगत सुटली. मनातून मात्र तिला खरं ठाऊक होतं. तिचे गुडघे गेले होते. वर रानात जाणं कधीच सुटलं होतं, आणि कुंपणाजवळची काटेरी बाभूळच ती तुंब्यात घासत होती. पण हे कबूल करायचं, आणि तेही सवतीपुढे? छे!

शेवटी ती एकटीच निघाली. चढावर बसत, झाडांना धरत, गुडघ्यांना शिव्या घालत वर गेली. ओलोइरिएनची चांगली वाळकी फांदी मोडली नि उतरताना दोनदा ढुंगणावर आपटली. दुसऱ्या दिवशी तिनं तुंबा असा घासला, की नवी नवरी काय घासेल! दूध ओतलं नि नवऱ्यासमोर धरलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही. आपण आलोय हे आज त्यानं वासावरून ओळखायचं होतं.

मेपुकोरीनं तुंबा हुंगला. मोठा घोट घेतला. त्याचा चेहरा खुलला.

"वा, रेसियातो!"

नोलारीनं तुंबा हिसकून घ्यायला हात पुढे केला.

"बरं झालं तूच आलीस," तो आवाज खाली आणून म्हणाला. "नोलारी जवळपास नाही ना? अगं, तिचे गुडघे गेलेत. बिचारी बाभूळ घासते हल्ली. मला पहिल्याच घोटाला कळलं होतं, पण बोललो असतो तर त्याच पावली डोंगर चढली असती. भारी हट्टी बाई. म्हणून तिच्या दुधाला बरं म्हणत नाही नि वाईटही म्हणत नाही. तू वर जाशील तेव्हा तिच्यापुरतं लाकूड आणत जा. मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नकोस हं."

नोलारीचे गुडघे ठणकत होते. म्हणजे याला सगळं कळत होतं! काळजीही होती! आणि हे मनातलं बोलायला याला घरात सवतच सापडली!

तुंबा त्याच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. पण आवाज दिला तर तो ओशाळेल, आणि पुन्हा कधी तिच्याबद्दल असं बोलणार नाही, कुणाहीपाशी.

"आणते," ती पोरीसारखा बारीक आवाज काढून म्हणाली.